बायोसमधला खटका : सिक्युअर बूट, टीपीएम आणि घरचा डेस्कटॉप

२४ जून २०२१ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ जाहीर केले आणि आपल्या संगणकावर ते चालेल की नाही हे तपासणारा एक छोटा प्रोग्रॅमही सोबत दिला. जगभर लोकांनी तो उत्सुकतेने चालवला. दोन-तीन वर्षांपूर्वी हौसेने जुळवलेले, महागडे ग्राफिक्स कार्ड बसवलेले, व्हिडिओ एडिटिंगची कामे सहज उरकणारे डेस्कटॉपही त्या तपासणीत नापास झाले. सुरुवातीला तर तो प्रोग्रॅम नापासाचे कारणही नीट सांगत नव्हता. चार-पाच दिवसांत कंपनीला तो मागे घ्यावा लागला.

पुष्कळ ठिकाणी कारण अगदी साधे होते. सुटे भाग घेऊन जुळवलेल्या संगणकांच्या मदरबोर्डमध्ये टीपीएम नावाची एक सोय होती, पण ती बंद ठेवूनच मदरबोर्ड विकला गेला होता. तोवर टीपीएम हा शब्द मोठ्या कंपन्यांच्या आयटी विभागापलीकडे फारसा कोणाला ठाऊक नव्हता. आता तो एकदम बाजारात आला आणि मदरबोर्डवर खोचायच्या सुट्या टीपीएम मॉड्यूलचे भाव काही दिवसांत अनेक पटींनी चढले. खरे तर त्या वेळच्या बहुतेक नव्या प्रोसेसरमध्ये ही सोय आतच होती. मदरबोर्डवरच्या बायोस या मूळ प्रोग्रॅममध्ये जाऊन एक खटका चालू करायचा, एवढेच काम होते.

त्या खटक्याभोवती वाद मात्र मोठा उभा राहिला आणि तो अजून मिटलेला नाही. संगणक सुरक्षित करणारी ही साधने खरेच किती सुरक्षा देतात, त्यांच्या किल्ल्या कोणाच्या ताब्यात असाव्यात, आणि त्यांच्यासाठी चालती यंत्रे बाद करावीत का, हे त्यातले मुख्य प्रश्न. आज ते कुठे येऊन ठेपले आहेत, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

डिप स्विचपासून सुरुवात

आयबीएमचा पहिला पीसी ऑगस्ट १९८१ मध्ये आला तेव्हा हार्डवेअरची जुळणी शब्दशः बोटांनी होत असे. मेमरी किती, डिस्प्ले कोणता, फ्लॉपी ड्राइव्ह किती, हे मदरबोर्डवरचे बारीक खटके वर-खाली करून संगणकाला सांगावे लागे. १९८४ च्या पीसी एटीमध्ये ही माहिती बॅटरीवर टिकून राहणाऱ्या चिपमध्ये गेली, पण ती बदलायची तर वेगळी फ्लॉपी लावावी लागे. पुढे सेटअपचा पडदा बायोसमध्येच आला आणि संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबायची सवय लागली. आजही मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो. दुरुस्ती करणारे त्याला सीमॉस सेल म्हणतात. त्याचे नाव त्याच काळातले आहे.

नव्वदच्या दशकात ज्यांनी साउंड कार्ड बसवले त्यांना पत्ता २२०, आयआरक्यू ५, डीएमए १ हे आकडे अजून पाठ असतील. दोन कार्डांना एकच आयआरक्यू मिळाला की दोन्ही गप्प. २४ ऑगस्ट १९९५ ला आलेल्या विंडोज ९५ ने 'प्लग अँड प्ले'चा गाजावाजा केला. ते सुरुवातीला रडतखडत चालले. पण पीसीआय आणि यूएसबी रुळले तसा हा जाच संपत गेला. वापरणाऱ्याला हार्डवेअर कळायची गरजच पडू नये, या दिशेने सगळा प्रवास चालला होता.

मग २६ एप्रिल १९९९ उजाडला. त्या दिवशी सीआयएच नावाचा व्हायरस, ज्याला लोक 'चेर्नोबिल' म्हणत, जगभरच्या संगणकांत जागा झाला. आशियात त्याने मोठे नुकसान केले. हार्ड डिस्कवरची माहिती तो पुसत असेच, शिवाय काही मदरबोर्डांच्या बायोस चिपवरही कचरा लिहीत असे. असा संगणक पुन्हा चालूच होत नसे आणि चिप बदलण्यावाचून इलाज उरत नसे. बायोस म्हणजे दगडावरची रेघ, त्याला कोण हात लावणार, ही समजूत त्या दिवशी मोडली.

त्याच वर्षी कॉम्पॅक, एचपी, आयबीएम, इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी 'विश्वासार्ह संगणना' या नावाखाली एक आघाडी उभारली. २००३ मध्ये तिची जागा ट्रस्टेड कॉम्प्युटिंग ग्रुप या संस्थेने घेतली. टीपीएमचे मानक तिचेच. दुसरीकडे इंटेलने जुन्या बायोसला पर्याय म्हणून ईएफआय तयार केले होते. २००५ पासून त्याचा कारभार यूईएफआय फोरमकडे गेला आणि २०११ च्या आवृत्तीत सिक्युअर बूटची तरतूद स्थिरावली. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये विंडोज ८ आले आणि दुकानातल्या तयार संगणकांवर सिक्युअर बूट चालू अवस्थेत दिसू लागले. जुळवलेल्या डेस्कटॉपवर मात्र सगळे जुन्याच पद्धतीने चालू राहिले. २०२१ चा धक्का अशा संगणकांच्या मालकांना जास्त बसला तो यामुळे.

पहारेकरी आणि पंचनामा

या दोन साधनांची लोक हमखास गल्लत करतात. त्यांची कामे अगदी वेगळी आहेत.

सिक्युअर बूट हा देवडीवरचा पहारेकरी. संगणक सुरू होताना पहिला जो प्रोग्रॅम चालणार त्यावर ओळखीची सही आहे का, एवढे तो पाहतो. सही नसेल तर आत सोडत नाही. कोणाच्या सह्या मानायच्या याची यादी मदरबोर्डच्या चिपमध्ये असते. तिच्याबरोबर एक काळी यादीही असते. पूर्वी सही दिली होती, पण आता भोक सापडले म्हणून रद्द केलेले प्रोग्रॅम त्या यादीत जातात. या यादीचा विषय पुढे पुन्हा येईल, कारण पुष्कळ घोळ तिथेच झाले.

टीपीएम कोणाला अडवत नाही. तो पंचनामा करतो. बायोस कोणता होता, कोणत्या सेटिंगवर होता, त्यानंतर काय चालले, या प्रत्येक टप्प्याचा गणिती ठसा तो नोंदवून ठेवतो. ती नोंद मागाहून खोडता येत नाही. डिस्कवरची माहिती कुलूपबंद करणारे बिटलॉकर आपली किल्ली टीपीएमकडे ठेवते आणि सांगते, पंचनामा कालच्यासारखाच आला तरच ही किल्ली दे. कोणी डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला लावली, तर किल्ली मिळत नाही. पण घरच्याच माणसाने बायोस अपडेट केला किंवा एखादे सेटिंग बदलले तरीही पंचनामा बदलतो. अशा वेळी पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी कीची मागणी येते.

ज्याने हे कधी पाहिलेले नाही त्याला ती निळी पाटी म्हणजे व्हायरसच वाटतो. वर्षानुवर्षांचे फोटो, हिशेब, मुलांचे प्रोजेक्ट सगळे त्या ४८ अंकांच्या पलीकडे. किल्ली कुठेच जपलेली नसेल तर कोणताही दुकानदार ती उघडून देऊ शकत नाही.

चालू करताना प्रत्यक्षात काय होते

कागदावर सोपे वाटते, पण जुळवलेल्या डेस्कटॉपवर ही सोय चालू करणे ही एक साखळी आहे आणि तिच्या कड्यांचा क्रम चुकला की संगणक उठत नाही.

पहिली अडचण नावांची. इंटेलच्या बोर्डावर प्रोसेसरच्या आतल्या टीपीएमला 'पीटीटी' म्हणतात, एएमडीच्या बोर्डावर 'एफटीपीएम'. कोणी ते सिक्युरिटीच्या पानावर 'ट्रस्टेड कॉम्प्युटिंग' या नावाखाली ठेवते, कोणी ॲडव्हान्स्डच्या पोटात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून एकाच दिवशी घेतलेल्या दोन कंपन्यांच्या बोर्डांवर तोच खटका दोन वेगळ्या कोपऱ्यांत सापडेल.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. सिक्युअर बूट यूईएफआय पद्धतीनेच चालते. जुन्या पद्धतीने विंडोज टाकलेले असेल तर डिस्कची विभागणी एमबीआर या जुन्या आखणीत असते आणि बोर्डावर 'सीएसएम' नावाची जुनी वाट उघडी ठेवलेली असते. ती तशीच बंद केली की विंडोज सापडतच नाही. म्हणून आधी माहितीची प्रत काढायची, मग विंडोजसोबत येणाऱ्या एमबीआरटूजीपीटी या साधनाने डिस्कची आखणी जीपीटीत बदलायची, त्यानंतर सीएसएम बंद करायचे आणि शेवटी सिक्युअर बूट चालू करायचे. हा क्रम सांभाळला तर फॉरमॅट मारावे लागत नाही. तरीही फॉरमॅट हाच एक उपाय सांगितला जातो तेव्हा ग्राहकाच्या वेळेचे आणि माहितीचे फुकट नुकसान होते.

तिसरी गोष्ट ग्राफिक्स कार्डाची. यूईएफआयच्या आधीच्या काळातले कार्ड असेल तर सीएसएम बंद केल्यावर मॉनिटर काळाच राहतो. संगणक चालू असतो, पण काही दिसत नाही. यावरचा उतारा जुनाच आहे : वीज बंद करून मदरबोर्डवरची सीमॉस पिन जोडायची किंवा सेल थोडा वेळ काढून ठेवायचा. सेटिंग मूळपदावर येते.

काही बोर्डांवर खटका चालू दिसतो, पण सिक्युअर बूट प्रत्यक्षात काम करत नाही, कारण सह्या ओळखायच्या किल्ल्यांची यादीच रिकामी असते. फॅक्टरी कीज पुन्हा भरल्यावरच पहारेकरी कामाला लागतो. म्हणून बायोसच्या पडद्यावर विसंबू नये. विंडोजमध्ये 'सिस्टम इन्फर्मेशन' उघडून 'बायोस मोड' आणि 'सिक्युअर बूट स्टेट' या दोन ओळी वाचाव्यात. टीपीएमची अवस्था 'टीपीएम डॉट एमएससी' या आज्ञेने कळते.

एएमडीच्या संगणकांवर प्रोसेसर बदलला की सुरुवातीलाच प्रश्न येतो : नवा प्रोसेसर दिसतो आहे, एफटीपीएम रीसेट करायचा का? घाईने 'वाय' दाबले आणि बिटलॉकर चालू असले तर पुढच्या पडद्यावर तीच ४८ अंकांची मागणी. याच एफटीपीएममुळे काही संगणक मधूनमधून क्षणभर अडखळतात, आवाज तुटतो, अशा तक्रारी विंडोज ११ नंतर वाढल्या. मार्च २०२२ मध्ये एएमडीने दोष मान्य केला आणि बायोस अपडेटने तो दुरुस्त करण्याचे आश्वासन दिले. लिनक्समध्येही हा त्रास निघाला, तेव्हा तिथल्या विकासकांनी २०२३ मध्ये एफटीपीएमकडून यादृच्छिक आकडे घेणेच थांबवले.

सुरक्षेच्या बाजूने

मायक्रोसॉफ्टची भूमिका पहिल्यापासून स्पष्ट आहे. २०१६ च्या उन्हाळ्यापासून तयार विकल्या जाणाऱ्या नव्या विंडोज संगणकांत टीपीएम २.० असणे कंपनीने बंधनकारक केले होते. डिसेंबर २०२४ मध्ये तिने पुन्हा सांगितले की विंडोज ११ साठी या अटीत तडजोड होणार नाही. तिचा युक्तिवाद असा : ऑपरेटिंग सिस्टम सुरू होण्याआधीच आत घुसलेल्या हल्ल्याला अँटिव्हायरस पाहूच शकत नाही, त्यामुळे विश्वासाचा पाया हार्डवेअरमध्येच हवा. चोरीला गेलेल्या संगणकातली माहिती, पासवर्डऐवजी चेहरा किंवा पिन वापरण्याची सोय, या सगळ्यामागे टीपीएम उभा असतो.

विंडोज ११ ठराविक नव्या प्रोसेसरांवरच चालवण्याच्या अटीमागेही तांत्रिक कारण आहे. 'मेमरी इंटिग्रिटी' नावाची सोय विंडोजच्या गाभ्यात शिरणारा प्रत्येक ड्रायव्हर एका वेगळ्या बंदिस्त खोलीतून तपासते. त्यासाठी लागणारा हार्डवेअर आधार जुन्या प्रोसेसरांत नसतो. तिथे तेच काम सॉफ्टवेअरने करावे लागते आणि वेग घटतो. २०२१ मध्ये कंपनीने आपल्या चाचण्यांचा दाखलाही दिला : अटी न पाळणाऱ्या संगणकांवर विंडोजच्या गाभ्यातले बिघाड ५२ टक्के जास्त आढळले. मात्र हीच कंपनी ऑक्टोबर २०२२ मध्ये गेम खेळणाऱ्यांना सांगत होती की वेग हवा असेल तर मेमरी इंटिग्रिटी बंद करून खेळा आणि नंतर पुन्हा चालू करा. सुरक्षेची किंमत वेगात मोजावी लागते, याची ही कबुलीच होती.

या बाजूची खरी कसोटी हल्लेखोरांनी घेतली. २०२० च्या जुलैमध्ये 'बूटहोल' हा दोष उघड झाला. लिनक्स सुरू करणाऱ्या ग्रब२ या सही असलेल्या प्रोग्रॅमातच भोक होते. मार्च २०२३ मध्ये ईसेट या स्लोव्हाकियातल्या कंपनीने 'ब्लॅकलोटस'चे विश्लेषण प्रसिद्ध केले. हा हल्ला सर्व अपडेट घेतलेल्या विंडोज ११ वरही सिक्युअर बूट चुकवून आत शिरत होता. त्याने वापरलेला दोष मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२२ मध्ये दुरुस्त केला होता, पण जुन्या सदोष फाइलींवरची सही रद्द झालेली नव्हती. त्या काळ्या यादीत गेलेल्याच नव्हत्या. पहारेकरी जागा होता, पण त्याच्या हातातला कागद जुना होता.

२०२४ च्या जुलैमधली 'पीकेफेल' ही घटना तर अस्वस्थ करणारी आहे. बायोस बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीने फक्त चाचणीसाठी दिलेली मुख्य किल्ली शेकडो मॉडेलांत तशीच विकली गेली होती. त्या प्रमाणपत्राच्या नावातच 'यावर विश्वास ठेवू नका' असे इंग्रजीत लिहिलेले होते. बायनार्ली या संस्थेने ते शोधून काढेपर्यंत वर्षानुवर्षे कोणी ते वाचले नाही.

टीपीएमलाही हल्ले चुकलेले नाहीत. सुटी टीपीएम चिप असलेल्या एका जुन्या लॅपटॉपवरून बिटलॉकरची किल्ली ४३ सेकंदांत वाचून दाखवणारे प्रात्यक्षिक २०२४ च्या सुरुवातीला झाले. वापरलेल्या साधनाची किंमत १० डॉलरपेक्षा कमी होती. प्रोसेसरच्या आतल्या टीपीएमवर हा हल्ला चालत नाही, पण बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये एएमडीचा एफटीपीएमही फोडला. या दोन्ही हल्ल्यांत संगणक हल्लेखोराच्या हाती असावा लागतो, आणि सुरू होताना पिन मागायची सोय चालू ठेवली तर पहिला प्रकार बराचसा निष्प्रभ होतो. घरफोडीत डेस्कटॉप नेणारा भुरटा चोर एवढा खटाटोप करणार नाही. म्हणून सामान्य माणसासाठी संरक्षण खरेच वाढते, हा सुरक्षातज्ज्ञांचा निष्कर्ष या हल्ल्यांनी खोटा ठरत नाही.

किल्ल्यांचा प्रश्न

विरोध टीपीएम घरोघरी पोचण्याच्या कितीतरी आधीचा आहे. २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'पॅलेडियम' ही योजना मांडली, तेव्हा केंब्रिजचे प्राध्यापक रॉस अँडरसन आणि मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे रिचर्ड स्टॉलमन यांनी धोक्याची घंटा वाजवली. त्यांचा मुद्दा असा की 'विश्वासार्ह' कोणाच्या दृष्टीने? मालकाच्या की कंपनीच्या? संगणकाने मालकावरच पाळत ठेवली आणि कंपनीला नको ते चालवू दिले नाही, तर तो आपला कसा उरला? पॅलेडियम मूळ रूपात कधीच आले नाही. शंका मात्र टिकून राहिली.

विंडोज ८ च्या वेळी ती पुन्हा उसळली. सगळ्या संगणकांत मायक्रोसॉफ्टच्या किल्ल्या असतील तर लिनक्सचे काय? त्यावर निघालेली वाट तडजोडीची होती. मॅथ्यू गॅरेट यांनी 'शिम' नावाचा एक छोटा प्रोग्रॅम रचला. त्यावर मायक्रोसॉफ्टची सही घ्यायची आणि पुढची तपासणी त्याने आपल्या किल्लीने करायची. आज फेडोरा, उबंटू अशी लिनक्सची मोठी वाणे सिक्युअर बूट बंद न करता बसतात. इंटेल आणि एएमडीच्या संगणकांवर हा खटका बंद करण्याची मुभा विंडोज ८ च्या वेळी अनिवार्य होती. विंडोज १० पासून ती उत्पादकाच्या मर्जीवर सोडली गेली. सुट्या विकल्या जाणाऱ्या मदरबोर्डांवर तो पर्याय आजही सामान्यतः मिळतो आणि जाणकाराला आपल्या स्वतःच्या किल्ल्याही भरता येतात.

म्हणजे २००२ ची भीती डेस्कटॉपवर तरी तशी खरी ठरली नाही. शिवाय लिनक्सच्या जगातच मतपरिवर्तन झाले आहे. सिस्टमडी या तिथल्या महत्त्वाच्या घटकात टीपीएमने डिस्क उघडण्याची सोय आली आणि उबंटूने २०२३ च्या २३.१० आवृत्तीत टीपीएमवर आधारित डिस्क-कुलूप प्रायोगिक स्वरूपात दिले. साधन वाईट नाही, किल्ली आपल्या हाती हवी, अशी या गटाची आजची भूमिका आहे.

तरी अवलंबित्व खरे आहे. ऑगस्ट २०२४ मधल्या विंडोजच्या एका अपडेटने जुने, सदोष शिम अडवायला सुरुवात केली आणि एकाच संगणकावर विंडोज व लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्या अनेकांचे लिनक्स उघडेना. हेतू सुरक्षेचाच होता, पण एका कंपनीच्या अपडेटने दुसऱ्याची प्रणाली बंद पडू शकते हे लोकांनी अनुभवले. त्याहून मोठे काम २०२६ चे आहे. सिक्युअर बूटची २०११ मधली मूळ प्रमाणपत्रे जून २०२६ पासून टप्प्याटप्प्याने मुदतबाह्य होतात आणि त्यांच्या जागी २०२३ ची नवी प्रमाणपत्रे प्रत्येक मदरबोर्डात पोचावी लागतात. मुदत संपली म्हणून संगणक लगेच बंद पडत नाही, पण सुरू होण्याच्या टप्प्याशी संबंधित पुढच्या सुरक्षा दुरुस्त्या त्याला मिळणे थांबते. ज्या बोर्डांचे बायोस अपडेट कंपन्यांनी केव्हाच सोडून दिले, त्यांच्यापाशी ही साखळी सगळ्यात कच्ची आहे.

चालती यंत्रे

तिसरा पक्ष तंत्रज्ञांपेक्षा दुरुस्तीवाले, पर्यावरणवादी आणि साधे वापरकर्ते यांचा आहे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे जवळजवळ सगळे प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीबाहेर आहेत. २०१७ च्या सुरुवातीला घेतलेला आय७ डेस्कटॉपही त्यात सापडतो. टायपिंग, टॅली, ब्राउझर, शाळेचा अभ्यास, या कामांसाठी ही यंत्रे आणखी काही वर्षे सहज पुरतील. कॅनालिस या बाजार-संशोधन संस्थेने २०२३ च्या अखेरीस अंदाज मांडला की या बदलामुळे जगातले सुमारे २४ कोटी पीसी भंगाराच्या वाटेला लागू शकतात.

दबावामुळे सवलती मिळाल्या. घरगुती वापरकर्त्यांना ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट घेता येतील अशी योजना निघाली : ३० डॉलर भरून, किंवा मायक्रोसॉफ्ट खात्यावर सेटिंगचा बॅकअप ठेवून विनामूल्य. युरोपीय आर्थिक क्षेत्रात बॅकअपची अटही काढून टाकावी लागली. भारतीय ग्राहकाला ती सूट नाही. ग्राहक संघटनांचे वजन कुठे पडते आणि कुठे नाही, हे यातून दिसते.

दुसरीकडे केडीई या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या मंडळींनी 'एंड ऑफ १०' नावाची मोहीम उभारली. जुना संगणक टाकू नका, त्यावर लिनक्स टाका, असा तिचा आग्रह. भारतात याचे मोठे उदाहरण केरळचे आहे. तिथल्या सरकारी शाळांतून दोन दशकांच्या आसपास मुक्त सॉफ्टवेअर शिकवले जाते आणि काइट ही राज्य संस्था उबंटूवर आधारलेली आपली प्रणाली शाळांना पुरवते. महाराष्ट्रात हा पर्याय अजून हौशी लोकांपुरता राहिला आहे. टॅली, सरकारी संकेतस्थळांच्या डिजिटल सह्या, जुने प्रिंटर आणि त्यांचे ड्रायव्हर यांमुळे छोटा दुकानदार लिनक्सकडे वळायला कचरतो, आणि त्याची अडचण खरी आहे.

अटी चुकवून विंडोज ११ टाकण्याच्या युक्त्याही सर्रास वापरल्या जातात. ते चालतेही. पण अशा संगणकाला पुढची अपडेट मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. २०२४ च्या आवृत्तीने तर एसएसई ४.२ नसलेल्या फार जुन्या प्रोसेसरांवर सुरू होणेच सोडून दिले.

खेळाच्या मैदानातून आलेली सक्ती

हा खटका शोधायला आज सर्वाधिक तरुण कशामुळे बायोसमध्ये शिरतात? गेममुळे. रायट कंपनीच्या 'व्हॅलोरंट'ने विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट सक्तीचे केले. २०२५ मध्ये 'बॅटलफील्ड ६' आणि नव्या 'कॉल ऑफ ड्यूटी'नेही अशा अटी घातल्या. फसवणुकीचे प्रोग्रॅम विंडोजच्याही आधी लपून बसतात, त्यांना रोखायचे तर सुरुवातीपासूनचा पंचनामा हवा, असे कंपन्या म्हणतात. प्रामाणिकपणे खेळणाऱ्यांचा याला पाठिंबाही आहे.

या अटी नीट पाहिल्या तर अँडरसन आणि स्टॉलमन यांचा जुना प्रश्न इथे वेगळ्या वेशात परत आलेला दिसतो. संगणक आपल्या मालकाबद्दलची साक्ष दूरच्या कंपनीला देतो आणि ती पटली तरच दार उघडते. आज ते गेमपुरते आहे. उद्या बँकांनी किंवा परीक्षा घेणाऱ्या संस्थांनी हीच अट घातली तर लिनक्स वापरणाऱ्याला किंवा जुना डेस्कटॉप सांभाळणाऱ्याला कोणता मार्ग उरेल, याचे उत्तर अजून कोणाकडे नाही.

याच सक्तीतून एक उपकारही झाला. रायटच्या संशोधकांना आढळले की एसस, गिगाबाइट, एमएसआय आणि ॲझरॉक यांच्या काही मदरबोर्डांवर मेमरीचे रक्षण करणारी आयओएमएमयू ही सोय बायोसमध्ये चालू दिसते, पण संगणक सुरू होण्याच्या पहिल्या क्षणांत ती काम करतच नाही. डिसेंबर २०२५ मध्ये हे जाहीर झाले आणि कंपन्यांनी बायोस अपडेट काढले. पडद्यावर 'एनेबल्ड' लिहिलेले असणे आणि सोय खरोखर चालू असणे यांतले अंतर सामान्य ग्राहकाने कसे ओळखायचे?

काय उरले आहे

तिन्ही बाजू वाचल्यावर काही गोष्टी ठरल्या आहेत असे म्हणता येते. डिस्कचे कुलूप आणि सुरुवातीची तपासणी यांचा फायदा खरा आहे. ज्याचा प्रोसेसर चालतो त्याने ती सोय चालू करावी. किल्ल्या फक्त एका कंपनीच्या हातात असणे ही कमकुवत व्यवस्था आहे, हे २०२३ आणि २०२४ च्या घटनांनी दाखवून दिले. चांगली चालणारी यंत्रे केवळ यादीत नाव नाही म्हणून बाद होणे याचे समाधानकारक समर्थन अजून झालेले नाही.

न सुटलेल्यांत सगळ्यात जवळचा प्रश्न रिकव्हरी कीचा आहे. विंडोज ११ च्या २०२४ च्या आवृत्तीपासून, मायक्रोसॉफ्ट खात्याने नव्याने बसवलेल्या बहुतेक संगणकांवर डिस्कचे कुलूप आपोआप लागते. घरगुती होम आवृत्तीवरसुद्धा. किल्ली त्या खात्यात जाते. ते खाते दुकानदाराने घाईत उघडून दिलेले असेल, त्याचा पासवर्ड कोणाला आठवत नसेल, तर किल्ली असून नसल्यासारखी. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले, तेव्हा ते पुन्हा उठवण्यासाठी मोठमोठ्या कंपन्यांची माणसेसुद्धा ४८ अंक शोधत बसली होती. घरात तर आयटी विभाग नसतो. आणि बायोसचे पडदे, किल्लीची सूचना, धोक्याचे इशारे हे सगळे आपल्याकडच्या बहुसंख्य लोकांसमोर इंग्रजीतच येते.

म्हणून डेस्कटॉप असलेल्या प्रत्येकाला एक विनंती. बायोसला हात लावण्याआधी, अपडेट करण्याआधी, प्रोसेसर बदलण्याआधी किंवा संगणक दुरुस्तीला देण्याआधी डिस्कला कुलूप आहे का ते सेटिंगमध्ये पाहा. असेल तर ते ४८ अंक आजच कागदावर उतरवा आणि तो कागद घराच्या कागदपत्रांच्या पिशवीत, रेशनकार्ड आणि वीजबिलांसोबत ठेवा.